पाच नंबरचं ठिकाण

डोर्लेकर मॅडम ग्रंथालयात शिरल्या की मान वर न करताही मला कळायचं. आधी खाडीच्या चिखलाचा वास यायचा आणि मग त्या. महिन्यातून दोनदा तरी त्या पहाटेच्या एसटीने खाडीकाठच्या नाटे गावाला जात, ओहोटी साधून गुडघाभर चिखलात उतरत आणि परत येऊन दुपारचा तास घेत. साडी बदललेली असे, पाय घासून धुतलेले असत, पण नखांच्या कडेची काळी रेघ आणि तो वास काही जात नसे. स्टाफरूममधल्या एकदोघी त्या आल्या की खिडकी उघडत. त्या माझ्याकडे येऊन बसत, त्याचं हेही एक कारण असावं.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मूळचा संगमेश्वरकडचा, भातशेतीवाल्या घरातला. मासा मला कळतो तो ताटातला. त्यामुळे मॅडमचं संशोधन मला समजलं ते त्यांनी समजावलं तेवढंच. पण त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या आवडीने समजावलं की आज मी त्यावर तास घेऊ शकेन.

सुजाता डोर्लेकर प्राणिशास्त्र शिकवायच्या. कायम नव्हत्या, तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर जूनमध्ये नवं पत्र, घेतील तेवढ्या तासांचा मोबदला, आणि एखाद्या जूनमध्ये पत्र आलं नाही तर कोणाला जाब विचारायचीही सोय नाही. अशी अकरा पत्रं त्यांनी एका फाइलला लावून ठेवली होती. अंगाने काटक, चालणं भराभर, आणि केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली. पेनाने त्या कधी लिहीत नसत. "पाण्यात शाई पसरते, शिसं पसरत नाही," म्हणायच्या. खाडीतली ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की मस्टरवरसुद्धा पेन्सिलीने सही करायच्या आणि हेडक्लार्क ओरडला की वरून पेन फिरवायच्या.

एक प्रश्न त्यांच्या तोंडी बसला होता : "हे कोणी पाहिलं?"

शिपाई म्हणाला, यंदा आंबा निम्माच आहे, मॅडम म्हणणार, "कोणी पाहिलं? किती झाडं मोजली?" प्राचार्य सभेत म्हणाले की आपल्या विद्यार्थ्यांत वाचनाची आवड वाढते आहे, मॅडमनी शेजारी बसलेल्या मला हळूच विचारलं, "सावंत सर, तुमचं रजिस्टर काय म्हणतं?" रजिस्टर अगदी उलट म्हणत होतं, पण मी गप्प बसलो. स्टाफने त्यांचं नाव 'पंचनामा' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटलेलं मला तरी दिसलं नाही.

त्यांचा विषय होता खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. नाट्याजवळच्या खाडीत ओहोटीला ज्या बायका वाकून चिखल उपसताना दिसतात, त्यांतली एक त्यांची आई. इंदूमावशी. तिच्याबरोबर लहानपणापासून पाटी घेऊन गेलेली मुलगी एम. एस्सी. झाली आणि लाकडी चौकट, चाळणी आणि वही घेऊन पुन्हा त्याच चिखलात उतरली. चौकट टाकायची, तिच्या आतला गाळ चाळायचा, सापडेल ती तिसरी मोजायची, तिची लांबीरुंदी घ्यायची, वहीत लिहायचं. अशी सहा ठिकाणं, एकापासून सहापर्यंत नंबर दिलेली. पावसाळा असो, ऊन असो, वर्षानुवर्षं.

इंदूमावशी एकदा डॉक्टरांकडे डोळे दाखवायला रत्नागिरीला आली होती. मॅडमचा तास संपेपर्यंत तिला माझ्याकडे बसवलं होतं. नऊवारी नेसलेली, हात चिरलेले, नजर मात्र चौकस. मागच्या काचेच्या कपाटात काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे पीएचडीचे प्रबंध होते. मॅडम आल्यावर तिने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"सुजा, तुलाही असलांच एक लिवायचां हाय काय गो?"

"हो."

"पण ह्यात लिवायचां काय असतां?"

मॅडम तिच्यासमोर स्टुलावर बसल्या. "आई, आजपर्यंत जगात कोणालाच ठाऊक नाही अशी एक गोष्ट शोधायची. एकच. बारीक असली तरी चालते. आणि ती खरी आहे हे असं दाखवायचं की ज्याने मला जन्मात कधी पाहिलं नाही, त्यालासुद्धा नाही म्हणता येऊ नये."

"एका गोष्टीला इतकी वर्षां?"

"शोधायला कमी लागतात. खरी आहे का ते बघायला जास्त."

म्हातारीने जरा विचार केला. "मग मी सांगतंय ती लिव. पुनवेला तिसऱ्या पोकळ असतात, अवसेला भरलेल्या. झालां तुझां काम."

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी केसांतली पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं. पुढे दीड वर्ष दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला त्यांनी तिसऱ्या आणल्या, उकडल्या, आतलं मांस काढून प्रयोगशाळेच्या तराजूवर तोललं. पीएचडी कशी मिळवायची असते ते मला त्या तराजूकडे बघून कळलं. पीएचडीच्या कामात त्या वजनांना काही जागा नव्हती. कोणी मागितली नव्हती. पण आईने सांगितलेलं तपासल्याशिवाय सोडून देणं त्यांना तिचा अपमान वाटला असता. शेवटी निघालं असं की चंद्राचा आणि मांसाचा काही संबंध नाही. मॅडम नाट्याला जाऊन तसं आईला सांगून आल्या. दोन दिवस इंदूमावशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने शेजारणीच्या मोबाइलवरून फोन केला : "मग पोकळ कधी असतात तां तरी सांग."

"अंडी सोडली की," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, ही खरी परीक्षक."

त्या काचेच्या कपाटाची मला चांगली माहिती होती. रत्नागिरीच्या मच्छीमारांवरच्या एका प्रबंधात तीन ठिकाणी 'सोलापूर जिल्ह्यातील' असं राहून गेलं होतं. दुसऱ्या एकात प्रश्नावली भरून देणाऱ्या दोनशे माणसांची अक्षरं सारखी होती. दोघांनाही पदव्या मिळाल्या, बढत्या मिळाल्या. पेढे मीही खाल्ले. मॅडमनी ते प्रबंध वाचले होते. आमच्या ग्रंथालयात सगळेच्या सगळे वाचणाऱ्या त्या एकट्याच. पण त्यांना त्याचा राग यायचा नाही, नवल वाटायचं. "सर, ह्यांनी इतकी वर्षं काय केलं असेल हो? मजा तर सगळी बघण्यात आहे."

कागद मात्र सगळ्यांना सारखेच. प्रवेश परीक्षा, मग वर्ग, मग विषयाला मंजुरी, दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगतीचा अहवाल, नियतकालिकांतून लेख, मग सारांश, मग प्रबंध, मग बाहेरचे परीक्षक, आणि सर्वांत शेवटी सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा. आणि ह्या साऱ्यात एक कागद असा, की तो नसला तर बाकीचे सगळे रद्दी. मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र. हे काम माझ्या देखरेखीखाली झालं असून सादर करण्यास योग्य आहे. दोन ओळी आणि खाली सही.

मॅडमचे मार्गदर्शक मुंबईचे. डॉ. मुळगावकर. गोरेपान, मृदू बोलणारे, प्रत्येकाला 'बेटा' म्हणणारे. आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही. खाडीवर ते एकदाच आले. गाडी रस्त्याला उभी राहिली, त्यांनी काच खाली केली, मॅडमनी लांबून हात करून सहा ठिकाणं दाखवली, आणि सर म्हणाले, "सुंदर!" मॅडम ही हकिकत सांगायच्या ती सरांची गंमत म्हणून. त्यांच्याविषयी त्यांना आदर होता. मच्छीवालीच्या मुलीला विद्यार्थिनी म्हणून घेणारा तो पहिला माणूस होता, हे त्या विसरत नसत.

मग ते पाच नंबरचं ठिकाण आलं.

एके दिवशी मॅडम आल्या त्या बसल्याच नाहीत. माझ्या टेबलावरच्या एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर त्यांनी खाडी काढली, सहा टिंबं दिली आणि पाचव्याभोवती गोल केला. इतर ठिकाणी तिसऱ्या वर्षागणिक कमी होत होत्या. पाच नंबरवर बायका पिढ्यान् पिढ्या उपसत होत्या आणि तिथलं काही संपत नव्हतं. का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी बारीक भोकांची चाळणी करून घेतली आणि वर्षभर तिथला गाळ चाळला. तेव्हा त्यात मोहरीएवढी पिल्लं सापडली. हजारोंनी. तीच चाळणी बाकीच्या पाचही ठिकाणी लावली. तिथे जवळजवळ एकही नाही. म्हणजे साऱ्या खाडीतल्या तिसऱ्यांची पिल्लं आधी इथे बसतात, इथे वाढतात, आणि मग भरती-ओहोटीबरोबर बाकीच्या खाडीत पांगतात.

"पाळणाघर आहे सर ते. अख्ख्या खाडीचं पाळणाघर. ते गेलं तर खाडीत तिसरी उरणार नाही." त्यांचा आवाज खाली आला. "आणि हे कोणी पाहिलं माहितीये? मी."

इतका आनंद मी त्या ग्रंथालयात दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. त्यांनी त्याचं प्रकरण लिहिलं. मी ते छापील वाचलं, प्रत्येक तक्त्यासकट. बेचाळीस पानं. इंग्रजी असूनही मला कळलं, इतकं स्वच्छ होतं.

ते मुंबईला पाठवलं आणि महिनाभर काही उत्तर आलं नाही. मग सरांनी बोलावून घेतलं. परत आल्यावर मॅडम दुपारी माझ्याकडे आल्या. ग्रंथालयात कोणी नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, जसं वहीत नोंदवतात तसं.

त्या खाडीत एक जेटी व्हायची होती. नेमकी त्या अंगाला. तिच्या कंपनीला पर्यावरणाचा अहवाल हवा होता आणि तो करून देणाऱ्या मंडळींत सर सल्लागार होते. त्या अहवालात त्या जागेविषयी लिहून झालं होतं : ओसाड गाळ, जीवसृष्टी नगण्य. खाली सरांची सही.

"मी म्हटलं, सर, तुम्ही तिथे कधी आलात? तर म्हणाले, बेटा, असले अहवाल असेच होतात."

"मग?"

"म्हणाले, खोटं लिही असं मी तुला सांगत नाही. कधीच सांगणार नाही. पाच नंबर फक्त सोडून दे. बाकीची पाच ठिकाणं पदवीला पुरेशी आहेत."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर म्हणाले, मला हे काम समाधानकारक वाटत नाही असं मनावर दगड ठेवून लिहावं लागेल. मुदत तर तुझी मार्चअखेर संपते, नाही का बेटा?"

मुदतवाढ आधीच एकदा घेऊन झाली होती. मॅडमनी मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं : सध्याच्या मार्गदर्शकांचं ना-हरकत पत्र जोडावं. आम्ही दोघं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसलो. त्यातच चिपळूणच्या एका कॉलेजची जाहिरात आली, प्राणिशास्त्राची एक कायम जागा, पीएचडी आवश्यक. अशी जागा जिल्ह्यात किती वर्षांनी निघत होती ते मॅडमना विचारायची गरज नव्हती. त्यांची चाळिशी जवळ आली होती.

"सावंत सर, काय करू?" त्यांनी विचारलं.

इथे मला स्वतःविषयी सांगणं भाग आहे. मी म्हटलं, "सही घ्या."

मीच पुढे बोललो.

"आधी डिग्री पदरात पाडून घ्या मॅडम. कायम व्हा. मग पाच नंबरवर हवं ते लिहा. लेख छापा. पुस्तक काढा. तेव्हा तुम्हाला कोण अडवतंय?"

"असं कोणी केलंय? आधी गाळलं आणि मग लिहिलं? तुमच्या कपाटात आहे कोणी?"

कपाटात कोणी नव्हतं. तरी मी म्हटलं, "तुम्ही करा." शहाणपणाचा सल्ला दिल्याचं समाधान मला त्या दिवशी वाटलं होतं, हेही खरं.

त्यांनी आठवडा घेतला. मग बेचाळीस पानं काढली. नुसती ती काढून भागलं नाही; प्रस्तावनेतला उल्लेख, निष्कर्षातला परिच्छेद, नकाशावरचं टिंब, सगळीकडून पाच नंबर खरवडून काढावं लागलं. राहिलं ते व्यवस्थित होतं. पाच ठिकाणची मोजमापं, नीटनेटके तक्ते. जगाला नवं असं त्यात काही उरलं नव्हतं. जी एक गोष्ट शोधली म्हणून पदवी द्यायची, तीच काढून टाकल्यावर पदवी मिळणार होती. सरांनी त्याच दिवशी सही केली आणि वर शुभेच्छाही लिहिल्या.

काळ्या बांधणीतली प्रत माझ्या हातात आली तेव्हा मी नकाशा उघडला. एक, दोन, तीन, चार, सहा. नंबर त्यांनी बदलले नव्हते.

तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजात ठेवली गेली. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं, म्हणून मीही बसलो. बाहेरचे परीक्षक केरळातले, वयाने तरुण, चष्मेवाले. त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता, हे पहिल्या दोन प्रश्नांतच दिसलं, आणि डॉ. मुळगावकर खुर्चीत जरा सावरून बसले. मॅडम छान उत्तरं देत होत्या. मग परीक्षकांनी पडद्यावरचा नकाशा पुन्हा लावायला सांगितला.

"तुमची ठिकाणं एक, दोन, तीन, चार, आणि मग एकदम सहा. पाचवं कुठे गेलं?"

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा हात केसांकडे गेला, पण त्या दिवशी त्यांनी अंबाडा घातला होता, पेन्सिल नव्हती.

"तिथे पोचणं अवघड होतं," सर हसत म्हणाले. "चिखल फार. मीच सांगितलं, सोडून दे बेटा, जिवाला धोका नको. हो ना, सुजाता?"

परीक्षक सरांकडे बघत नव्हते. ते मॅडमकडे बघत होते, आणि मला अजून वाटतं, वाट बघत होते.

"हो, सर," मॅडम म्हणाल्या.

परीक्षकांनी पान उलटलं. अर्ध्या तासाने सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे जेवायला गेल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "नंबर तेवढे बदलून टाकायचे ना. उगाच धोका कशाला घेतलात?"

"मुद्दाम ठेवले होते," त्या म्हणाल्या. "कोणीतरी विचारेल म्हणून."

"मग?"

"विचारलं ना त्याने."

त्यानंतर काही महिन्यांनी जेटीची जनसुनावणी झाली. गावातल्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. टेबलामागे अधिकारी, टेबलावर त्या अहवालाचे जाडजूड खंड. मॅडमना चिपळूणची जागा मिळून त्या रुजू झाल्या होत्या. आईने हट्ट धरला म्हणून त्या आल्या, आणि त्यांनी सोबत चला म्हटलं म्हणून मी गेलो. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो होतो. पुढच्या रांगेत खाडीवरच्या बायका.

पुष्कळ जण बोलले. कोणाला नोकऱ्या हव्या होत्या, कोणाला रस्ता. मग इंदूमावशी उठली. ध्वनिक्षेपक कसा धरायचा ते तिला ठाऊक नव्हतं. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, तुमच्या पुस्तकात लिवलांय म्हणतात, त्या जाग्यावर काय नाय. माझ्या सासूने तिथे तिसऱ्या काढल्या, मी काढतंय. सगळ्या खाडीची पिल्लां तिथेच असतात."

"आजी, हे तुमचं म्हणणं आम्ही लिहून घेतो," अधिकारी म्हणाले. वागायला सभ्य माणूस होता. "पण असं नुसतं सांगून कसं चालेल? त्याचा अभ्यास लागतो, मोजमाप लागतं."

"केलांय ना मोजमाप!" म्हातारीचा आवाज एकदम मोकळा झाला. इतका वेळ ती ह्याचीच वाट बघत असावी. "माझ्या मुलीने केलांय. चाळणी लावून एकेक मोजलांय. मी सोबत होतंय. तिला सरकारने त्याची डिग्री दिलीय, मोठी. ती काय तिथे बसलीय. सुजा, ऊठ गो. सांग त्यांना."

सगळा मांडव मागे वळला. मॅडम उठल्या.

"आपण ह्याच खाडीवर पीएचडी केलीय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"आजी म्हणतात ती नोंद आपल्या प्रबंधात आहे का?"

मी मॅडमच्या इतका जवळ होतो की त्यांच्या हातातला रुमाल मला दिसत होता. ती बेचाळीस पानं जगात तीन माणसांनी वाचली होती. एक मॅडम. एक मुंबईचे सर. तिसरा मी. उठून उभं राहायला मला काही पदवी लागत नव्हती.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रबंधात नाही."

हे अक्षरशः खरं होतं. अधिकाऱ्यांनी मान हलवली, कारकुनाने लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

इंदूमावशी ध्वनिक्षेपक धरून तशीच उभी राहिली. कोणीतरी तो तिच्या हातातून सोडवून घेतला. मग ती बायकांच्या रांगेत जाऊन बसली. संपल्यावर ती त्यांच्याबरोबरच घरी गेली. मॅडम तिच्या मागे चार पावलं गेल्या आणि थांबल्या. परतीच्या एसटीत मी तिकिटांचंच काहीतरी बोललो.

जेटी झाली. आधी गाळ उपसला, मग भराव टाकला. दोनतीन पावसाळ्यांत बायका चिखलात उतरायच्या बंद झाल्या. त्यांतल्या बऱ्याच आता मासळीच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जातात, असं ऐकलं. खाडीत तिसऱ्या किती उरल्या हे सांगता येणार नाही. त्यानंतर तिथे कोणी मोजलेल्या नाहीत.

"तो लेख लिहा ना आता," असं मी फोनवर मॅडमना एकदा म्हटलं होतं. अगदी माझाच सल्ला.

"कसा लिहू?" त्या म्हणाल्या. "छापला की पहिला प्रश्न हाच येणार, मग प्रबंधात का लपवलंत? पदवी जाईल, तिच्यावरची नोकरी जाईल. सर मात्र म्हणतील, हे हिने मला कधी दाखवलंच नव्हतं." मग म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला विचारायच्या आधीच मी ठरवलं असणार." हे त्या माझ्यासाठी म्हणाल्या की खरं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या मे महिन्यात, चिपळूण स्टेशनवर. मी निवृत्त होऊन मुलीकडे मुंबईला चाललो होतो आणि गाडी तिथे रखडली म्हणून फलाटावर उतरलो होतो. पलीकडच्या फलाटावर दक्षिणेकडे जाणारी गाडी उभी होती आणि वातानुकूलित डब्याच्या दाराशी मॅडम दिसल्या. अंगाने भरल्या होत्या, केस आखूड कापलेले, रेशमी साडी. हातात आंब्यांची पेटी होती. ती त्यांनी दारातल्या एका भारदस्त गृहस्थांच्या पायाशी ठेवली. मागे एक विद्यार्थिनी पुष्पगुच्छ सांभाळत उभी होती. गाडी सुटली, दोघींनी हात हलवले. मॅडम शेवटचा डबा जाईपर्यंत हलवत राहिल्या.

पूल ओलांडून त्या ह्या बाजूला आल्या तेव्हा मी दिसलो. "अय्या, सावंत सर!" खरंच आनंद झाला त्यांना. विद्यार्थिनीला पुढे पाठवून माझ्याशी बोलत उभ्या राहिल्या. त्या गृहस्थांनी सकाळी तिची तोंडी परीक्षा घेतली होती. मॅडम आता मार्गदर्शक होत्या; ही त्यांची दुसरी विद्यार्थिनी पदवी घेऊन बाहेर पडली.

"चांगलं झालं काम?" मी विचारलं.

"नियमात बसलं," त्या म्हणाल्या.

"आणि आई?"

"माझ्याकडेच असते. तिकडे काय राहिलंय तिला करायला. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, गॅलरीत बसते. तब्येत उत्तम."

तेवढ्यात त्यांच्या पर्समधला फोन वाजला. फलाट रिकामा झाला होता आणि म्हातारी माणसं बोलतात तसं पलीकडून मोठ्याने बोलणं चाललं होतं. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"डॉक्टर, येतानां मिरची-कोथमीर आणा हां. घरात काय नाय."

"आणते," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद केला. मी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनीच सांगितलं.

"सुनावणीपासून अशीच हाक मारते. सुजा म्हणून नाहीच. आणि अहोजाहो करते. रागाने नाही हो सर, अगदी नीट बोलते. शेजारणींना वाटतं, लेकीचं केवढं कौतुक आहे."

मग त्यांनी घड्याळात पाहिलं, भाजीवाल्या उठायच्या आत पोचायला हवं म्हणाल्या, आणि पदर सावरत स्टेशनबाहेर गेल्या.